सत्तावीस ऐकून बहात्तर

देगलूर तालुक्यातल्या ज्या गावात मी काही वर्षं दुसरीचा वर्ग घेतला, तिथून तेलंगणाची हद्द चालत जाण्याइतकी जवळ होती. वर्गातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलायची, गल्लीत मराठी, आणि किराणा दुकानात दोन्हीची खिचडी. एकदा अंकांचं श्रुतलेखन चालू होतं. मी 'सत्तावीस' म्हणालो. पाट्या वर झाल्या, तर त्यातल्या सात-आठ पाट्यांवर ७२. पुढच्याच रांगेतल्या एका पोरीला म्हणालो, "अगं, हे बहात्तर झालं की." ती शांतपणे म्हणाली, "सर, तुमीच तर सात आधी म्हनलाव!"

माझं तेलुगू आठवडी बाजारापुरतं. तरी तिला विचारून बघितलं, "इरवै एडु लिही बघू." इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. तिनं पाटी पुसली, २७ लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर अशी धरली, की चूक माझी होती आणि तिनं मला माफ केलं होतं.

एका वर्गातल्या एका दिवसावरून मी शास्त्र मांडत नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दर वर्षी हे तपासत राहिलो आणि दर वर्षी पाट्यांवर तेच दिसलं. पोरं आळशी नव्हती, मंदही नव्हती. ती ऐकलेलं लिहीत होती. कानावर आधी सात येत होतं, म्हणून पाटीवर आधी सात येत होतं.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला, ते अनेकांना आठवत असेल. त्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, ज्या मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो त्यांच्यासाठी ही जास्तीची वाट आहे. ऐकतंय कोण! विषय विधानसभेत गाजला, आडनावांतल्या 'वीस'वरून कोट्या झाल्या, मराठीचा खून झाला म्हणून गळे काढले गेले. गळे काढणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गापुढे महिनाभर उभे राहिलेले किती होते, हा प्रश्न मी तेव्हाही मनात ठेवला होता, आता लिहून टाकतो.

गंमत अशी, की त्याच मंडळींच्या मोबाईलवर अधूनमधून दुसरा एक निरोप फिरत असतो: जगाला शून्य आम्ही दिलं. छाती फुगवायला माझी हरकत नाही. पण आपण जगाला नेमकं काय दिलं, हे नीट समजून घेतलं तर 'वीस सात'ला हसता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे. दिलं ते स्थान. शून्य त्या स्थानाच्या राखणीला आलं.

यासाठी आपल्याच पैठणपासून सुरुवात करावी लागेल. सातवाहनांची ही राजधानी, तेव्हाचं प्रतिष्ठान. इथला माल जुन्नरवरून नाणेघाटानं कोकणात उतरायचा, कल्याण-सोपाऱ्याकडे जायचा. त्या घाटाच्या तोंडाशी एक गुंफा खोदलेली आहे आणि तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या काळातला. यज्ञ केले, दक्षिणा दिल्या, त्यांची ही यादी: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. राणीच्या कारभाऱ्यांनी हिशेब दगडावर कोरून ठेवला म्हणून आज आपल्याला आपल्या अंकांचे पणजोबा बघायला मिळतात. त्यातल्या काही खुणा आजच्या अंकांशी चेहऱ्यानं जुळतातसुद्धा.

पण ही पद्धत आजची नव्हे. त्या लेखात एके ठिकाणी २४,४०० कार्षापणं आहेत. ही संख्या लिहायला त्यांनी काय केलं? हजाराची एक खूण होती, तिला विसाची खूण जोडली, झाले वीस हजार. पुन्हा हजाराची खूण, तिला चाराची जोडली, झाले चार हजार. मग शंभराची खूण, तिलाही चार जोडले. तीन जोडखुणा, वाचणाऱ्यानं मनात बेरीज करायची. एकापासून नवापर्यंत वेगळ्या खुणा, दहा, वीस, तीस अशा प्रत्येक दशकाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, कारण गरजच नाही. जे नाही ते लिहायचंच नाही.

आता त्याच संख्येकडे जरा डोळे बारीक करून बघा. हजाराची खूण पुसली, शंभराची पुसली, तर काय उरतं? वीस, चार, चार. हजार आणि शंभर या गोष्टी लिहिण्याऐवजी त्यांच्या जागा ठरवून टाकल्या, की नुसत्या अंकांवर भागतं. पहिला चार हजारांच्या घरात बसला म्हणून चार हजार, दुसरा शंभरांच्या घरात बसला म्हणून चारशे. अंक एकच, घर बदललं की किंमत बदलली. हा बदल नाणेघाटानंतरच्या काही शतकांत कुणी केला, कुठं केला, त्याचं नाव-गाव कुठं कोरलेलं नाही. माझा आपला अंदाज, की तो कुणा एका पंडिताला झोपेत सुचला नसावा. हिशेब करून करून बोटं झिजलेल्या कारकुनांच्या, ज्योतिषांच्या हातून तो घडत गेला असावा. ४९९ मध्ये आर्यभटानं लिहिलं, 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्', तेव्हा तो एखादा नवा शोध जाहीर करत नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेला नियम सांगावा तसं त्यानं चार शब्दांत सांगितलं.

घरं ठरली की रिकाम्या घराचा प्रश्न येतो. हा प्रश्न मला समजला तो पुस्तकातून नव्हे, बैलबाजारात. उदगीर-देवणीकडचा बैलबाजार ज्यांनी बघितलाय त्यांना उपरण्याखालचा सौदा माहीत असेल. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं दाबतात, भाव ठरतो, आजूबाजूच्याला पत्ता लागत नाही. माझे आजोबा देवणी बैलांचे शौकीन, त्यांच्याबरोबर मी लहानपणी जायचो. त्यांना विचारलं होतं, तीन बोटं दाबली तर तीनशे का तीन हजार? ते म्हणाले, "बैल बघून कळतंय की." खरंच आहे. तिथं समोर बैल उभा असतो. पण कागदावर बैल नसतो. कागदावर नुसता ३ लिहिला आणि त्याच्यापुढची घरं रिकामी सोडली, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून रिकाम्या घरावर खूण करावी लागली: इथं घर आहे, घरात कुणी नाही. आधी ठिपका, मग वर्तुळ. शके ६०५, म्हणजे ६८३ सालच्या कंबोडियातल्या एका शिलालेखात ठिपक्याचं शून्य आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या लेखात देवाच्या फुलबागेची मापं दिली आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. तिथलं शून्य आपल्या आजच्या शून्यासारखंच गोल आहे.

भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये या रिकाम्या घराला संख्येचा मान दिला. शून्यात मिळवलं तर काय, वजा केलं तर काय, गुणलं तर काय, याचे नियम त्यानं लिहिले. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, असंही तो म्हणाला आणि तिथं चुकला. मला त्याची ती चूकही आवडते. ज्याला नुसती जागा राखायची आहे तो असले प्रश्न विचारतच नाही.

या पद्धतीचा फायदा काय, असं मुलांना विचारलं की ती म्हणायची, "सोपं." सोपं म्हणजे काय, हे रोमन अंकांशेजारी ठेवलं की दिसतं. आपल्या तेरचा, तेव्हाच्या तगर नावाच्या पेठेचा, रोमन जगाशी व्यापार होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत, भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर पूर्वेला आणखी दहा दिवस, अशा अंतरासकट. तिकडच्या व्यापाऱ्याला आठ लिहायला चार खुणा लागायच्या आणि शंभर लिहायला एक. म्हणजे संख्येची लांबी बघून मोठी-लहान कळायची सोय नाही. आणि लिहिलेल्या खुणांवर गुणाकार करता येत नाही, त्यासाठी मणी नाहीतर खडे मांडायला लागायचे, उत्तर आलं की मग खुणांत उतरवायचं. आपल्या पैठणच्या कारभाऱ्याचीही अवस्था फार वेगळी नसणार. स्थानमूल्य आलं आणि लिहिणं व हिशेब करणं ही दोन कामं एकाच कागदावर आली. मुलांना आपण 'हातचा एक' शिकवतो ना, त्या हातच्यात ही सगळी पद्धत बसली आहे. एककाच्या घरात दहा झाले की ते मावत नाहीत, एक होऊन शेजारच्या घरात जातात. आणि केलेलं सगळं कागदावर राहतं, म्हणून दुसऱ्याला तपासता येतं. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथांनी एका पैची चूक शोधायला रात्र जागवली, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. गोष्टीचा अर्थ कीर्तनकार त्यांच्या पद्धतीनं लावतातच. मला त्यात दिसतं ते एवढंच, की पैची चूक सापडू शकते असा हिशेब मांडलेला होता.

घरांचा हा नियम कडक आहे: शेजारचं घर दसपटच हवं. तो मोडला की काय होतं, त्याचं उदाहरण आमच्या भागात दर पाडव्याला घडतं. आमच्या ओळखीतल्या एकानं दोन एकर वीस गुंठे रान ठोक्यानं घेतलं, एकरी वीस हजारांनी. कागदावर रान लिहिलं २.२०, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २.२० गुणिले २०,००० केलं, उत्तर आलं ४४,०००. मालकही खूश, घेणाराही खूश. चहा होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, की चाळीस गुंठ्यांचा एकर असतो आणि वीस गुंठे म्हणजे अर्धा. रक्कम ५०,००० व्हायला हवी होती. टिंब तेच, पण त्यापुढचं घर दहाचं नव्हतं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहेत, तिथं हे होत नाही, कारण शंभर आरचा हेक्टर. तरी बोलताना आम्ही एकर-गुंठेच बोलणार, आणि बोलावंही.

अंक इथून बाहेर कसे गेले, ही कथा फार वेळा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. ६६२ मध्ये युफ्रेटिसकाठच्या मठातला सेव्हेरस सेबोख्त नावाचा सीरियन धर्मगुरू ग्रीकांच्या घमेंडीवर चिडून लिहितो, की हिंदूंची गणनपद्धती शब्दांत सांगता येणार नाही इतकी सरस आहे आणि ती नऊ खुणांनी चालते. सुमारे ८२५ मध्ये बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनं हिंदी, म्हणजे भारतीय, हिशेबावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं. 'शून्य' म्हणजे रिकामं, त्याचं अरबीत 'सिफ्र' झालं, तेही रिकामंच, आणि लॅटिनमधून ते 'झिरो' होऊन परत आलं.

यातल्या एका तपशिलापाशी मात्र थांबावंसं वाटतं. हा हिशेब सुरुवातीला धुळीत व्हायचा. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं अंक काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. पश्चिमेकडच्या अरबांनी वापरलेल्या अंकांना 'गुबार' म्हणतात, गुबार म्हणजे धूळ. दमास्कसच्या अल्-उक्लिदिसीनं ९५२ च्या सुमारास हा धुळीतला हिशेब शाई-कागदावर कसा करायचा ते लिहिलं. त्याची तक्रार अशी, की धुळीची पाटी रस्त्यावरच्या ज्योतिषांच्या हातात दिसते, भल्या माणसाला ती घेऊन बसायला लाज वाटते. आपल्याकडे धूळपाटी आणि धुळाक्षरं हे शब्द अजून जिवंत आहेत. माझ्या आजोबांनी पहिली अक्षरं धुळीत गिरवली होती. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं, की ते बगदादच्या रांगेत बसलेत.

युरोपात पिसाच्या फिबोनाच्चीनं १२०२ च्या आपल्या ग्रंथात 'भारतीयांचे नऊ अंक' आणि शून्याची खूण, असं नाव घेऊन सांगितलं. पण तिथल्या व्यापाऱ्यांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायलाच बंदी केली, रकमा अक्षरांत लिहा म्हणून. भीती अशी, की एक शून्य वाढवलं की रक्कम दसपट होते. या भीतीला मी हसणार नाही, कारण ती अजून आपल्या खिशात आहे. चेकवर 'अक्षरी रुपये' कशाला लिहितो आपण? निजामाच्या काळातली उर्दू खरेदीखतं ज्यांच्या घरात असतील त्यांनी काढून बघावीत. रक्कम आकड्यांत, मग शब्दांत, आणि पुढं 'निस्फ जिसके', म्हणजे 'ज्याचे अर्धे' इतके होतात. तिहेरी कुलूप. मुघली आणि त्यानंतरच्या दप्तरांत तर रकमेसाठी 'सियाक' नावाची वेगळीच लिपी होती, अरबी संख्याशब्दांची आखडलेली रूपं, स्थानमूल्य नाही. हिशेबाला अवघड, पण खाडाखोड करायलाही अवघड. स्थानमूल्याची ताकद आणि त्याचा धोका एकच: घर बदललं की किंमत बदलते.

आता माझ्या मूळ भांडणाकडे येतो. लिहिण्यात आपण इतके पुढे गेलो आणि बोलण्यात मागेच राहिलो. संस्कृतात सत्तावीसला 'सप्तविंशति', सात आधी. त्याचंच आपलं सत्तावीस. पंडितांनी तर संख्या पद्यात सांगताना उलट क्रमाचा नियमच केला, 'अङ्कानां वामतो गतिः', अंक डावीकडे चालतात. भास्कराचार्य आपलं जन्मवर्ष सांगतात, 'रसगुणपूर्णमही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. सहा, तीन, शून्य, एक. आता हे उजवीकडून डावीकडे मांडा: शके १०३६. हे भास्कराचार्य काही परके नव्हेत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होता, आणि कन्नडचा घाट उतरलं की पायथ्याशी पाटणला १२०७ चा लेख आहे, त्यात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेव्हा माझ्या वर्गातली पोर सत्तावीस ऐकून आधी सात लिहिते, ती भास्कराचार्यांच्या पंक्तीतच बसलेली असते. फरक एवढाच, की डावीकडे चालायचं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले. आमच्या पिढीला ते गमतीनं चिडवायचे, तुमचं लिहिणं उलटं. आज मला त्यात तथ्य दिसतं. अरबीत सत्तावीसला 'सात आणि वीस' म्हणतात आणि नजर उजवीकडून येते, म्हणजे तिला आधी सातच भेटतो. उर्दूतही 'सत्ताईस', आणि उर्दू कागदावरची नजरही उजवीकडूनच. त्यांची जीभ आणि डोळा एका वाटेनं चालत होते. आपण जीभ तीच ठेवली आणि डोळा डावीकडून चालायला लावला. मोठेपणी हे आपल्याला जाणवत नाही, पण कुणी फोन नंबर जोड्यांनी सांगायला लागलं की बघा: 'अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्ता…' पेन हवेत थांबतं. 'वीस' ऐकू येईपर्यंत लिहिता येत नाही. म्हणूनच की काय, ज्यांनी इंग्रजी शाळा बघितली नाही अशी माणसंसुद्धा आता नंबर 'नाईन एट टू टू' असाच सांगतात. मराठीचा खून कुठं चालला असेल तर तो तिथं चाललाय, आणि त्याविरुद्ध कुणी अग्रलेख लिहीत नाही.

फोनवरून आठवलं. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'सात आणि वीस' म्हणत. फोनचे आकडे सांगताना घोळ व्हायला लागला, टेलिफोन खात्यानं गाऱ्हाणं घातलं, संसदेत विषय गेला आणि १९५१ पासून शाळांत आणि सरकारी कामात 'वीस सात' सुरू झालं. जुनी माणसं जुनंच बोलत राहिली, अजूनही काही बोलतात. त्यांची भाषा मेल्याचं ऐकिवात नाही. इतकं लांब जायचीही गरज नाही. देगलूरच्या पलीकडे 'इरवै एडु' आहे, उदगीरच्या पलीकडे बिदरकडे कन्नडमध्ये 'इप्पत्तेळु' आहे, इप्पत्तु म्हणजे वीस आणि एळु म्हणजे सात. मराठवाड्याच्या दोन बाजूंना दोन भाषा जसं लिहितात तसं बोलतात, आणि या भाषांशी सोयरिकी असलेल्या आमच्या लोकांना 'वीस सात' परकं वाटायचं कारण नाही.

शिवाय आपल्या नावांत शिस्त तरी कुठं आहे? एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वदपर्यंत हाच न्याय. आणि नव्याण्णवला आल्यावर अचानक नऊ आणि नव्वद, 'एकोणशंभर' नाही. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न यांत पन्नास कुठं लपलंय ते शोधायला भाषाशास्त्रज्ञ लागतो. एक ते शंभर ही मराठीत जवळजवळ शंभर नावंच पाठ करायची असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाची पहिली दोन वर्षं यात जातात आणि आपण त्याला गणित म्हणतो. सत्तावीस गुणिले अठ्ठेचाळीस तोंडी करायला सांगितलं तर पोर गप्प. 'वीस सात' म्हणायची सवय असलेलं पोर आधी वीस अठ्ठेचाळीस धरतं, ९६०, मग सात अठ्ठेचाळीस, ३३६, आणि १२९६ वर येतं. संख्या कुठं फोडायची ते तिच्या नावातच सांगितलेलं असतं.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. वर्गात असताना एका पालकानं मला विचारलं होतं. हा माणूस मोंढ्यात आडतीवर पट्ट्या लिहायचा. म्हणाला, "गुरुजी, सौद्यात भाव बेचाळीसशे पुकारत्यात. माझं पोरगं चाळीस दोनशे म्हणलं तर त्याला उभं कोण करील?" बरोबर आहे. बाजार, किर्तन, आजीच्या गोष्टी, लग्नातले आहेर, सगळं सत्तावीसमध्येच चालतं आणि चालावं. पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पावाचा, अर्ध्याचा, साडेतीनाचा पाढा, पाठ असलेल्या माणसांचा तोंडी हिशेब मी बघितलाय. साडेतीनाच्या पाढ्याला स्वतंत्र नाव ठेवणारी भाषा गणितात कच्ची आहे, असं कुठला शहाणा म्हणेल? औटकी गेली याचं मला दुःख आहे, आणि ती कुठल्या समितीनं घालवली नाही, आपणच सोडली.

त्या पालकाला मी म्हणालो, तुमचा मुलगा तिसरीत जाईपर्यंत बेचाळीस शिकेल, ते माझ्याकडे लागलं. पण आज त्याला बेचाळीस ऐकून २४ लिहायचा मोह होतो. वर्षभर त्यानं दोन्ही म्हणावं: लिहिताना 'चाळीस दोन', बोलताना 'बेचाळीस'. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर ठेवले की चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, यांचं नाव 'चाळीस दोन'च होतं. तो माणूस थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे पट्टीवर आकडा वेगळा नाही ना येत?" नाही म्हणालो. त्याचं समाधान झालं. २०१९ मध्ये पुस्तकाबरोबर असं कुणी पालकांच्या दारात जाऊन बोललं असतं, तर एवढा धुरळा उडाला नसता, असं मला वाटतं. समितीचा मुद्दा बरोबर होता, पण पुस्तक आधी पोचलं आणि समजावणं मागून आलं.

अंकांच्या रूपाचा वाद मी इथं मुद्दाम वाढवत नाही. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये त्यावरून रणकंदन झालं आणि अनुच्छेद ३४३ मध्ये 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' असे शब्द आले. म्हणजे इंग्रजी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते अंक कायद्यानंही भारतीयच आहेत, फिरून आलेले. मी हा लेख देवनागरी अंकांत लिहिला, कारण माझा हात तसा वळलेला आहे. पोरं दोन्ही वाचतात, त्यात त्यांचं काही अडत नाही. ९ आणि ७ कसे काढायचे याचा सराव चार दिवसांत होतो. सात दशकाचे का एककाचे, हे कळायला मात्र वर्ष लागतं, आणि तिथं आपण त्यांना आपल्या जिभेनं अडवतो.

मागणी माझी मोठी नाही. पहिली-दुसरीत तोंडी परीक्षेत 'वीस सात' म्हणणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. श्रुतलेखन घेताना पहिल्या सत्रात दोन्ही नावं लागोपाठ म्हणा. ज्या गावांत घरी तेलुगू, कन्नड किंवा लमाणी बोलतात, तिथल्या शिक्षकाला त्या भाषेतल्या वीस संख्या तरी यायला हव्यात, बदलीच्या आदेशाबरोबर त्या एका कागदावर लिहून दिल्या तरी चालेल. मला त्या गावात त्या कळायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत ७२ लिहिलेल्या किती पाट्यांवर मी फुली मारली, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.